सूचकाच्या जागी लिहिलेलं नाव

सुखदेव कुंभरे गेल्याची बातमी मला चहाच्या कपाखाली ठेवलेल्या चिठ्ठीतून कळली. मी व्यासपीठावर बसलो होतो. आमच्या महाविद्यालयाला विद्यापीठाचा हरित परिसर पुरस्कार मिळाला, त्याचा समारंभ होता. या कामाची पहिली दखल माझ्या प्राचार्यपदाच्या काळात घेतली गेली म्हणून माझ्या खांद्यावर शाल होती आणि हातात भाषणाचे दोन कागद. निवृत्तीला आलेला आमचा शिपाई नामदेव मागच्या पायऱ्यांनी वर आला, माझ्यापुढचा कप उचलल्यासारखं करून त्याच्याखाली घडी घातलेला कागद सरकवला आणि निघून गेला. 'कुंभरे सर गेले. सकाळी छातीत दुखलं. गोंदियाला नेताना वाटेतच.' एवढंच होतं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो आणि भाषण केलं... पूर्ण केलं. परिसरातली पाण्याची बोडी कशी राखली, पाला जाळणं कसं थांबवलं, झाडांवर पाट्या कशा लावल्या, सगळं सांगितलं. ही तिन्ही कामं कुंभऱ्यांची. माझ्या भाषणात त्यांचं नाव एकदाही आलं नाही. कागदावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून तोंडात आलं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा दाराशी उभा असलेला नामदेव माझ्याकडे नुसता बघत होता.

मी त्यांचा सर्वांत जवळचा मित्र, म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर मी लिहावं असं मला सांगण्यात आलं. तेव्हा मी हो म्हणालो. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मला जे कळलं, ते आधी कळलं असतं तर कदाचित नाही म्हणालो असतो. आता मात्र लिहायलाच हवं.

कुंभरे सालेकसा तालुक्यातल्या जंगलाकाठच्या एका लहान गावचे. घरात गोंडांचे जुने देव, शेत थोडं, उन्हाळ्यात तेंदूपानं आणि मोहफुलं. त्या गावातून महाविद्यालयात शिकवायला आलेले ते पहिलेच. मी केशोरीचा, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या धान. ते वनस्पतिशास्त्र शिकवत, मी मराठी. आमची घरं एकाच ओळीत, मध्ये फक्त एक आवळ्याचं झाड. मला ते गुरुजी म्हणत, तेही जरा टोचून. "गुरुजी, तुमच्या कवितेत पळस फुलते, पण तो कोन्या महिन्यात फुलते थे पोट्टायले इचारा बरं एकदा." मी चिडलो की त्यांना फार आनंद होई. ते काही गोड माणूस नव्हते. मुलांनी उगाच पान तोडलं तर वर्गाबाहेर काढत, सहकाऱ्याच्या लग्नाला बोलावलं तर जेवून लगेच निघत, आणि स्वतःच्या जुन्या स्कूटरचा काळा धूर मात्र त्यांना कधी दिसला नाही. त्यावरून मी छेडलं की म्हणत, "ते म्हातारी झाली, खोकलून राहिली बिचारी."

परिसराच्या मागच्या बाजूला एक बोडी आहे. धानाला पाणी पुरावं म्हणून आमच्याकडे जुन्या लोकांनी अशी लहान तळी खोदून ठेवली. महाविद्यालयाला जागा मिळाली तेव्हा ही बोडी त्यातच आली. एका प्राचार्यांना ती बुजवून वाहनतळ करायचा होता. कुंभऱ्यांनी त्यांना हात धरून काठावर नेलं आणि पाण्यात आपोआप उगवणारं देवधान दाखवलं. कोणी न पेरता येतं, कोणी न राखता पिकतं, असं ते रानटी धान. प्राचार्य म्हणाले, "याचा महाविद्यालयाला उपयोग काय?" कुंभरे म्हणाले, "तुमचा काय आहे जी?" वर्षभर त्यांची वेतनवाढ अडली, पण बोडी राहिली.

पाला जाळण्यावरून त्यांचं आणि नामदेवचं रोज भांडण. नामदेव झाडून ढीग करी, काडी लावी, आणि धूर दिसला की कुंभरे शिकवणं टाकून बादली घेऊन धावत. शेवटी त्यांनी स्वतः कुदळ घेऊन चार खड्डे खणले आणि नामदेवला म्हणाले, "तू जाळतेस थे सोनं आहे, बावा." नामदेव म्हणाला, "मंग तुमीच ठेवा ना जी तिजोरीत." पुढच्या वर्षी त्या खताने नामदेवच्या परसात भेंडी इतकी आली की तो कुंभऱ्यांच्या दारात टोपली ठेवून, न बोलता पळून गेला.

आणि पाट्या... तेलाचे रिकामे डबे कापून, पत्रा ठोकून सपाट करून त्यांनी त्या बनवल्या. वर मराठी नाव, मध्ये शास्त्रीय, खाली गोंडी. खिळा ठोकायचा नाही, तारेनेच बांधायची, हा त्यांचा हट्ट. पण झाड जाड होतं आणि तार सालीत रुतते, म्हणून दर हिवाळ्यात पक्कड घेऊन ते एकेका झाडाची तार एक वेढा सैल करत. निवृत्तीनंतरही हे काम त्यांनी सोडलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

पंधरा वर्षांपूर्वी कुंभरे आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर शिक्षक प्रतिनिधी होते आणि अक्षर चांगलं म्हणून सभेचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. संस्थेचा एक कायम निधी आहे. तो कसा जमला हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. महाविद्यालय उभं राहायचं होतं तेव्हा गावोगाव घरटी मापाने धान दिलं गेलं, बैलगाड्या भरून आलं, आणि ते विकून जे आलं ते संस्थेने राखून ठेवलं. कुंभऱ्यांच्या गावाने, स्वतःला पुरत नसताना, मोहफुलं दिली होती. त्या सभेत अध्यक्षांनी ठराव आणला की निधी बँकेतून काढून एका खनिज कंपनीच्या रोख्यांत गुंतवावा. अध्यक्ष गोंदियाचे व्यापारी, हिंदी बोलणारे, स्वभावाने हसरे. या कंपनीचं पुढचं काम सालेकशाच्या जंगलात व्हायचं होतं, हे सर्वांना ऐकून माहीत होतं.

कुंभरे उभे राहिले. आमच्या सभांत उभं राहून कोणी बोलत नसे, म्हणून ते मला स्पष्ट आठवतं. म्हणाले, "समोर आपन झाडायले पाट्या लावून राहिलो, आन्‌ मागून थ्याच झाडाच्या मुळाखाली पैसा ठेवून राहिलो. माह्या गावच्या मोहफुलाचा पैसा माह्याच गावचा मोह तोडाले जाईन काय?"

अध्यक्ष हसून म्हणाले, "कुंभरेजी, कॉलेज हवा पे चलेगा क्या?"

"हवा तरी राहीन ना जी," कुंभरे म्हणाले आणि खाली बसले. अध्यक्षांनी विचारलं, "मंजूर ना?" माना हलल्या. माझीही हलली. समोसे आले.

आता आमच्या इतिवृत्ताची एक रीत सांगितली पाहिजे. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात. आमच्या सभेत 'मी सुचवतो' असं कोणी कधी म्हणत नसे. मग मी घरी बसून इतिवृत्त लिहिताना हजेरीपटाच्या क्रमाने नावं घालायचो. या ठरावाला पहिला, पुढच्याला दुसरा. कोणी वगळला जाऊ नये, कोणी रुसू नये, म्हणून ही सोय. वर्षानुवर्षं चालली होती, आणि सगळ्यांना माहीत होती. त्या दिवशी क्रमाने सूचकाचं नाव आलं कुंभऱ्यांचं.

मी थांबलो. लेखणी खाली ठेवली. अध्यक्षांना फोन केला आणि म्हणालो, "साहेब, नंबर कुंभऱ्यांचा येतो आहे, पण ते तर विरोधात बोलले." पलीकडे हसू. "जिसका नंबर है उसका लिखो, सर. नियम तो नियम है. और विरोध वगैरह मत लिखना, सब एकमत दिखना चाहिए." मग जरा थांबून म्हणाले, "आप का भी तो अगले महीने इंटरव्यू है ना, प्रिन्सिपल का?"

मी लिहिलं. सूचक : प्रा. सुखदेव कुंभरे. ठराव सर्वानुमते मंजूर. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. पुढची सभा होण्याआधी कुंभऱ्यांची मुदत संपली होती, त्यामुळे ते इतिवृत्त त्यांच्यापुढे कधी वाचलं गेलं नाही. मी प्राचार्य झालो. ती वही कपाटात गेली आणि मी स्वतःची समजूत घातली की जाड पुठ्ठ्याच्या वहीतली एक ओळ कोण वाचणार आहे...

त्यानंतरच्या वर्षांत एक बदल झाला, तो मी पाहिला, पण मला कळला नाही. कुंभरे दरवर्षी नवं खायला गावी जात. धान निघालं की त्यांच्याकडे देवाला दाखवून सगळं गोत एका पंक्तीत बसून नवा भात खातं. त्या दिवसासाठी ते कोणतीही परीक्षा, कोणतीही सभा सोडत. मग एका वर्षी ते गेले नाहीत. "गुडघे दुखतेत, गुरुजी. गोंदियाला गाडी बदलनं होत नाही." त्या वर्षी त्यांनी बोडीतलं मूठभर देवधान आणलं, कांडलं, आणि माझ्या घरी शिजवायला दिलं. "आता तुमच्याच घरी नवं खाऊ." माझ्या बायकोला फार कौतुक वाटलं. पुढे हे दरवर्षीचंच झालं. मी पाटावर बसून तो भात खाल्ला आहे. चव आठवते, जरा तुरट.

आणि रविवार. दर रविवारी सकाळी ते माझ्या ओसरीवर येत. पायरीशी चपला काढतानाच विचारत, "काय गुरुजी, सांगाचं आहे काही?" मी म्हणायचो, "नाही बुवा, तुम्हीच सांगा." ते मान हलवत, खुर्ची ओढत, आणि मग पावसावर, धानाच्या रोवणीवर, कोणाच्या मुलाच्या नोकरीवर बोलणं सुरू होई. चौदा वर्षं हेच. मला वाटे, ही त्यांची लकब आहे. माझी नातवंडं त्यांची नक्कल करत आणि ते हसत.

मी प्राचार्य असताना विद्यापीठाने हरित परिसराचा एक तपशीलवार अर्ज पाठवला. झाडं किती, पाणी कुठे मुरतं, कचऱ्याचं काय करता, वीज किती वाचवता, असे पानभर रकाने. कुंभऱ्यांनी आठवडाभर बसून तो भरला. एकही आकडा फुगवला नाही. वाळलेली झाडंही त्यांनी वाळलेली म्हणून लिहिली. शेवटच्या पानावर प्रश्न होता, संस्थेच्या निधीची गुंतवणूक पर्यावरणाला हानी पोहोचवणाऱ्या उद्योगात नाही ना? तेवढा रकाना त्यांनी कोरा ठेवला आणि अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "हा तुमी भरा. माह्या हातून नाही होत." आणि गेले नाहीत. टेबलापाशी उभे राहिले. मी म्हणालो, "बघतो मी, तुम्ही जा." ते आणखी थोडा वेळ उभे राहिले, मग गेले. मी 'नाही' समोर खूण केली. त्या वर्षी ढाल आली. ती अजून प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे.

त्यांच्या अंत्यविधीला मी समारंभातूनच गेलो, शाल गाडीत ठेवून. दहन इथेच झालं. मला वाटलं गाव लांब, म्हणून नेलं नसेल. गावाकडून फक्त त्यांची थोरली बहीण झुनकाबाई आली होती. ती कोपऱ्यात बसून होती, कोणाशी बोलली नाही. दहा-बारा दिवसांनी मी फुलवंतावहिनींना, त्यांच्या पत्नीला, भेटायला गेलो आणि बोलता बोलता म्हणालो, "गावी न्यायला हवं होतं त्यांना. शेवटी माती तिथली." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या दृष्टीत राग नव्हता. आश्चर्य होतं.

"तुमाले माहीत नाही, सर?"

"काय?"

त्या आत गेल्या आणि पाट्यांची तार, पक्कड वगैरे ठेवायच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद घेऊन आल्या. छायाप्रत होती. माझं अक्षर मी पाच हातांवरून ओळखलं. सूचक : प्रा. सुखदेव कुंभरे.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या ठरावानंतर वर्षभराने खाणीसाठी त्यांच्या गावाजवळ जनसुनावणी झाली. कुंभरे विरोधात बोलायला रांगेत उभे होते. त्यांच्या आधी कंपनीच्या माणसाने संस्थेकडून मिळवलेला हा कागद ध्वनिक्षेपकावरून वाचला. तुमच्याच गावचे शिकलेले प्राध्यापक म्हणतात कंपनी चांगली आहे, कॉलेजचा पैसा यांनीच घालायला सुचवलं. सगळा मांडव मागे वळून त्यांच्याकडे बघू लागला. ते म्हणाले, "मी असं म्हटलंच नाही." त्या माणसाने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाहिला. घडी घातली. खिशात ठेवला... आणि रांगेतून बाहेर पडून बसस्टँडकडे चालू लागले. त्यानंतर गावच्या पंक्तीत त्यांचं पान लागलं नाही.

"काऊन नाही बोलले ते?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून माझ्या गावची बोली आली.

"घरी आल्यावर मीबी हेच इचारलं," वहिनी म्हणाल्या. "तं म्हनाले, गुरुजीचं अक्षर आहे. भर मांडवात त्याचं नाव घेतलं तं त्याची खुर्ची जाईन, वरतून खोटा कागद केला म्हनून केस. तो आपल्या तोंडानं सांगीन. त्याले इचारीन मी."

त्यांनी विचारलं होतं. दर रविवारी, पायरीवर चपला काढताना, चौदा वर्षं. आणि मी दर वेळी उत्तर दिलं होतं, नाही बुवा, तुम्हीच सांगा.

घरी येऊन मी ओसरीवर बसलो, तर समोर त्यांची खुर्ची. उठून आत गेलो. बायकोने विचारलं काय झालं, आणि मला आठवलं की ती दरवर्षी ज्या पानावर देवधान वाढत होती, त्या पानावरची जागा मी त्यांच्या गावातून उठवून आणली होती. त्यांच्या पंक्तीतली जागा मी घालवली आणि त्यांचं नवं मी माझ्या घरी बसून खाल्लं.

पुढच्या आठवड्यात मी एक पत्र लिहिलं, सही केली, एक प्रत संस्थेला दिली आणि दुसरी घेऊन सालेकशाची गाडी धरली. आजचे प्राचार्य तरुण आहेत, चांगले आहेत. म्हणाले, "सर, आता कशाला? तेव्हाचे अध्यक्षही राहिले नाहीत. नुकताच पुरस्कार मिळालाय." मी म्हणालो, "तो रकाना तपासा. पैसा अजून तिथेच आहे का ते बघा." त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

गावात मोजणीचे पांढरे दगड अजून आहेत, मोहाच्या बुंध्यांवर रंगाच्या जुन्या खुणा आहेत. खाण झालेली नाही, पण रद्दही झालेली नाही. झुनकाबाईंच्या अंगणात दहा-पंधरा माणसं जमली. मी उभा राहून पत्र वाचलं. वाचताना मी पुन्हा मास्तरासारखा वाचतोय असं माझ्याच लक्षात आलं, तेव्हा कागद खाली केला आणि साधं सांगितलं. सुखदेवने विरोध केला होता. नाव मी घातलं. माझ्या फायद्यासाठी घातलं.

एक म्हातारा म्हणाला, "आता काऊन आनला कागद? तो आयकते काय आता?"

दुसरा म्हणाला, "आमी तं आयकून राहिलो ना." पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

झुनकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्यानं तुले इचारलं नसन, असं होनार नाही. माहा भाऊ कोनाले सोडत नव्हता."

"विचारलं, बाई," मी म्हणालो. "दर आठवड्याला विचारलं."

"मंग?"

मी पत्राची घडी घातली. त्या उठल्या, आत गेल्या आणि पाण्याचा लोटा आणून माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं हे पाहुण्याला देतात तसं पाणी आहे. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "पी. अन्‌ जा आता. नवं खायच्या दिवशी त्याच्या नावाचं पान मी वाढीन. त्याची बायको येईन. तू नको येऊ." मी पाणी प्यालो आणि निघालो.

म्हणून इथे, छापील अक्षरात, ते वाक्य लिहितो जे त्या वहीत असायला हवं होतं : संस्थेचा निधी खनिज कंपनीत गुंतवण्याच्या ठरावाला प्रा. सुखदेव कुंभरे यांनी सभेत उभं राहून विरोध केला. सूचक म्हणून त्यांचं नाव इतिवृत्त लेखकाने, म्हणजे मी, खोटं लिहिलं.

पक्कड वहिनींनी मला दिली. मी मागितली नव्हती. या हिवाळ्यात तारा सैल करायच्या राहिल्या होत्या. समारंभाच्या सकाळी ते त्याच कामाला निघणार होते, पिशवी दारातच होती. ग्रंथालयाजवळच्या मोहाची तार मी पहिल्यांदा सैल करायला गेलो तेव्हा माझ्याकडून ती उलट्या बाजूला फिरून आणखी आवळली गेली. नामदेव लांबून बघत होता. जवळ आला, माझा हात धरून दुसरीकडे वळवला आणि म्हणाला, "असं जी." त्यापलीकडे तो माझ्याशी बोलत नाही. झाडं पुष्कळ आहेत आणि माझे गुडघे खरोखरच दुखतात. रविवारी सकाळी जातो. त्या वेळेला मला घरी ओसरीवर बसवत नाही.